महदंबा

महदंबा : (तेराव्या शतकाचा उत्तरार्ध). आद्य मराठी कवयित्री. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांची शिष्या आणि पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांची चुलत बहीण. पंथीय ग्रंथांत तिचा उल्लेख महदाइसा, रूपाइसा, रूपै अशा नावांनी येतो. ‘आइसा’ हा त्या काळी स्त्रीनामाला लावण्यात येणारा आदरवाचक शब्द होय. उमाइसा, आबाइसा, हिराइसा ही नावे त्याच घडणीची आहेत. महदंबेच्या नावावर धवळे (पूर्वार्ध व उत्तरार्ध), मातृकी रुक्मिणीस्वयंवर आणि गर्भकांड ओव्या एवढी रचना आहे. ग्रंथसंख्येच्या दृष्टीने ती थोडी आहे. तथापि गीतकर्त्री, कथनकार, चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी जिज्ञासू आणि त्यांच्या आठवणींची साक्षीदार अशा अनेक नात्यांनी तिचा आरंभीच्या मराठी वाङ्‌मयाशी संबंध येतो. त्यामुळे तिचा विचार केवळ धवळ्यांपुरता करता येत नाही.

महदंबेच्या घराण्याचा संबंध गोदावरीच्या मधल्या खोऱ्यातील पुरी व रामसगाव या परिसराशी सांगितला जातो. आज या भागात गोदावरी ही बीड व जालना या जिल्ह्यांची सीमा असून नदीच्या दक्षिणेस बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका आहे. याच तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे. श्रीदत्तात्रेयांच्या नित्य भोजनाचे स्थान म्हणून पंथात ते ‘आत्मतीर्थ’ या नावाने ओळखले जाते. वरच्या अंगाला प्रतिष्ठान (पैठण) आणि खाली दक्षिणेस बालाघाटाच्या डोंगरात आंबेजोगाई, अशा दोन जुन्या विद्यास्थानांच्या मधला हा प्रदेश. आंबेजोगाईशी मुकुंदराजाचे नाव जोडले गेले असून त्याच्या विवेकसिंधूचा काळ परंपरेने ११८८ असा मानला जातो. म्हणजे महदंबा जन्मली त्या सुमारास या भागात मराठीतून शास्त्रविचार मांडण्याची वाट पडलेली होती. ती वाट अद्याप पंडितांची होती; तिच्यावर बायकांचा वावर सुरू व्हावयाचा होता.

तिचे घराणे विद्वान ब्राह्मणांचे होते. पूर्वज वामनाचार्य यांचा यादवांच्या दरबारी मान होता. त्यांची पत्नी, तिचेही नाव महदाइसाच, शास्त्रार्थात निपुण होती व तिने बाहेरून आलेल्या एका पंडिताचा वादात पराभव केला. त्याबद्दल या कुटुंबास गोदातीरावरील गावे मिळाली, अशी कथा परंपरेत आहे. कथेतील ऐतिहासिक अंश किती, हा प्रश्न वेगळा. घराण्यात एका वादपटू स्त्रीची आठवण जपली गेली आणि तिचेच नाव पुढच्या मुलीस देण्यात आले, एवढे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. महदंबेच्या पित्याचे नाव वायनायक. वायनायकाचा भाऊ माधवभट याचा पुत्र नागदेव, म्हणजेच पुढे भटोबास या नावाने प्रसिद्ध झालेले नागदेवाचार्य. नागदेवांची माता आबाइसा व बहीण उमाइसा याही पुढे चक्रधरांच्या अनुयायी झाल्या. एका घरातील इतकी माणसे एकाच पंथात येण्यामागे महदंबेचा वाटा मोठा आहे.

महदंबेस बालपणीच वैधव्य आले व ती माहेरी राहिली. तेराव्या शतकातील ब्राह्मण विधवेला उपास, व्रते, तीर्थयात्रा आणि घरातील कष्ट यांखेरीज दुसरे आयुष्य नव्हते. धर्माची ओढ असलेल्या महदंबेने प्रथम रामदेव दादोस या साधूस गुरू केले. दादोसांचे चक्रधरांकडे जाणेयेणे होते व त्यांच्यामुळेच तिला चक्रधरांची माहिती झाली. ही भेट १२६६ च्या सुमारास झाली असावी, असे अभ्यासक मानतात. भेटीनंतर तिची निष्ठा हळूहळू जुन्या गुरूंकडून चक्रधरांकडे वळली. दादोसांना ते रुचले नाही. लीळाचरित्रात या ताणाचे धागे स्पष्ट दिसतात आणि महदंबेने केलेली निवड ही कोणाच्या सांगण्यावरून झालेली नव्हती, तिच्या स्वतःच्या पारखीची होती, हेही त्यांतून उघड होते.

चक्रधरांच्या सहवासात तिचा जो स्वभाव प्रकट झाला, तो मराठी वाङ्‌मयाच्या दृष्टीने मोलाचा ठरला. ती प्रश्न विचारी. देवता, तीर्थे, अवतार, आचार, जीवाचे स्वरूप, गावांची नावे, एखाद्या माणसाचे पूर्ववृत्त, कोणताही विषय तिला वर्ज्य नव्हता. उत्तर अपुरे वाटल्यास ती पुन्हा विचारी. लीळाचरित्रातील अनेक लीळांचा उगम तिच्या प्रश्नात आहे. प्रश्न नसता, तर ते निरूपणही झाले नसते. चक्रधर तिला कौतुकाने ‘म्हातारी’ म्हणत आणि तिच्या चिकित्सक वृत्तीचा गौरव करीत. येथे ‘म्हातारी’ हा शब्द वयापेक्षा वडीलधारेपणाचा आणि जिव्हाळ्याचा द्योतक समजावा.

या प्रश्नोत्तरांस आणखी एक बाजू आहे. स्त्रियांना शास्त्र ऐकण्याचाच अधिकार नाही, असे मानणाऱ्या समाजात एक विधवा गुरूला समोरासमोर विचारते, गुरू तिला दृष्टान्त देऊन समजावतो आणि तो सारा संवाद पुढे पंथाचा प्रमाणग्रंथ होतो, ही घटना साधी नव्हे. स्त्रीचा जीव आणि पुरुषाचा जीव यांत भेद नाही, ही चक्रधरांची भूमिका होती. रजस्वलेच्या विटाळाची कल्पनाही त्यांनी मानली नाही. तो देहाचा इतर स्रावांसारखाच एक धर्म होय, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र अशा भूमिका ग्रंथात उतरण्यास त्या विचारून घेणारी माणसे लागतात. महदंबा त्यांतील अग्रणी होती.

चक्रधरांनी १२७२ ते १२७४ च्या दरम्यान महाराष्ट्र सोडला. पंथात यास उत्तरापंथे गमन म्हणतात. त्यानंतर विखुरलेला शिष्यपरिवार चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू (गुंडम राऊळ) यांच्या सेवेसाठी विदर्भातील रिद्धपूर (जि. अमरावती) येथे एकत्र आला. महदंबाही तेथे गेली. गोविंदप्रभू हे अवधूत वृत्तीचे पुरुष. ते लहान मुलासारखे हट्ट करीत, रागावत, हसत, रस्त्यात खेळत, वाटेल त्याच्या घरी जाऊन जेवत. त्यांच्या आयुष्यातील प्रसंग म्हाइंभटाने गोविंदप्रभुचरित्रात (रिद्धपूरलीळा) सांगितले आहेत. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील एका प्रसंगात राऊळ धिरड्यांचा हट्ट धरतात आणि महदंबा ती करून वाढते. बोलणी खात, समजूत काढीत, चुलीपाशी बसून ती हा हट्ट पुरविते. मराठी गद्याचा नमुना म्हणून हा उतारा अनेकदा निवडला गेला आहे, तो योग्यच आहे. धवळ्यांची कवयित्री कोणत्या वातावरणात वावरत होती, हे त्यावरून जितके कळते तितके कोणत्याही प्रशस्तीवरून कळणार नाही.

धवळ्यांचा जन्म याच वातावरणात झाला. गोविंदप्रभूंना एकदा लग्न करण्याची लहर आली. भक्तांनी तीही पुरविण्याचे ठरविले. मांडव, हळद, वाजंत्री इ. तयारी झाली आणि वराची गाणी म्हणण्यास महदंबेस सांगण्यात आले. तिने श्रीकृष्ण व रुक्मिणी यांच्या विवाहाची कथा धवळ्यांतून गाइली. ही घटना साधारणपणे १२८७ पूर्वी थोडीच, गोविंदप्रभूंच्या अखेरच्या काळात घडली असावी. त्या प्रसंगी म्हटलेला भाग तो पूर्वार्ध. उत्तरार्ध नंतर रचला गेला व त्यास लक्ष्मींद्रभट याचे साहाय्य झाले, असे परंपरा सांगते. दोन्ही मिळून धवळ्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे.

‘धवळा’ किंवा ‘धवल’ हा मंगलप्रसंगी, विशेषतः विवाहात गावयाचा गीतप्रकार. त्याची परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा निर्देश आहे, तसाच मंगलगीतांचाही आहे. यादवांच्या आश्रयाने देवगिरी येथे राहिलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात धवलाची गणना प्रबंधप्रकारांत केली आहे. म्हणजे महदंबेच्या काळी धवळा दोन ठिकाणी नांदत होता. एक दरबारातील शास्त्रज्ञ गायकांकडे आणि दुसरा घरोघरच्या लग्नात, बायकांच्या तोंडी. महदंबेने उचलला तो दुसरा. शास्त्रातील धवलप्रबंधाचे चरणविषयक नियम तिच्या रचनेस लावून पाहणे व्यर्थ आहे. तिचा धवळा ओवीच्या कुळातील आहे. त्याचे चरण कमीअधिक लांबीचे असतात, अंत्ययमक कान सांभाळते आणि बाकीचे काम गळा करतो. छापील पानावर काही चरण ओढलेले वा लंगडे वाटतात. ते गाण्यासाठी आहेत, याचे भान ठेवले म्हणजे तक्रार उरत नाही.

विवाहविधीत विधवेला स्थान नसे. हळद, तेलवण, वराची गाणी हा सुवासिनींचा मान. असे असता रिद्धपूरच्या या आगळ्या लग्नात वराचे धवळे गाण्याचे काम एका बालविधवेकडे आले. तिने ते आनंदाने, तत्काळ आणि सर्वांसमक्ष केले. धवळ्यांवरील समीक्षेत त्यांच्या साधेपणाची वाखाणणी पुष्कळ झाली, या गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ज्या समारंभातून समाजाने तिला लहानपणीच बाहेर काढले होते, त्याच समारंभाचे गीत मराठी स्त्रीकाव्याचा आरंभ ठरले. हे घडू शकले, याचे कारण शुभाशुभाची रूढ कल्पना न मानणारा पंथ आणि तिची मुळीच पर्वा नसलेला वर हे होय. पण गीत तयार होते, शब्द ओठांवर होते, हे कवयित्रीचे स्वतःचे. इतकी मोठी कथा ती तेथल्या तेथे रचू शकली, यावरून बायकांच्या गाण्यांचा सराव तिला आधीपासून होता, असे अनुमान करणे भाग आहे.

कथाभाग भागवताच्या दशम स्कंधातील आहे. विदर्भराज भीमकाची कन्या रुक्मिणी श्रीकृष्णास मनाने वरते. भाऊ रुक्मी तिचे लग्न शिशुपालाशी ठरवितो. ती ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णास निरोप धाडते. तो येऊन अंबिकेच्या देवळापाशी तिचे हरण करतो. युद्ध होते, रुक्मीची विटंबना होते आणि शेवटी विवाह लागतो. ही कथा निवडण्यात महानुभावांच्या कृष्णभक्तीचा भाग आहेच. पण स्थळाचाही आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले कौंडिण्यपूर वर्धा नदीकाठी, रिद्धपूरच्याच मुलखात, आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. ऐकणाऱ्या बायांना रुक्मिणी ही जवळच्या गावची लेक होती.

महदंबा ही कथा लेकीच्या बाजूने सांगते. भागवतात रुक्मिणीचे रूप, हरणाचा पराक्रम आणि देवाचे माहात्म्य यांना प्राधान्य आहे. धवळ्यांत मुलीची घालमेल, आईबापांचा हतबल लोभ, भावाचा ताठा आणि लग्नघरातील धांदल यांना जागा मिळते. आपल्या मनाविरुद्ध ठरलेल्या सोयरिकीपुढे मुलीने काय करावे, हा तिच्या कथेचा गाभा आहे. रुक्मिणी निरोप पाठविते, वाट पाहते, उशीर झाला म्हणून कासावीस होते. हे वाट पाहणे महदंबा घाईने उरकीत नाही. युद्धवर्णन ती करते, तेही रीतीस धरून. पण तेथे तिचा जीव रमत नाही. रथ, धनुष्ये व सैन्ये यांच्या याद्या चटकन संपतात आणि कथा पुन्हा मांडवात येते. उत्तरार्धात असे काही भाग पूर्वार्धापेक्षा सैल आहेत. दुसऱ्या हाताचे साहाय्य झाले, या परंपरेस त्यामुळे बळ मिळते, जरी केवळ शैलीवरून हात वेगळे करणे धोक्याचे आहे.

धवळ्यांची भाषा तेराव्या शतकातील बोलीची आहे. संस्कृत शब्द आहेत, समास क्वचित. उपमा घरातल्या आणि शिवारातल्या. संवाद भरपूर. अनेकदा बोलणारा कोण हे सांगण्याचीही गरज पडत नाही, कारण बोलण्याच्या ढंगावरूनच माणूस ओळखू येतो. संबोधने, उद्‌गार, मध्येच घातलेला प्रश्न, एकच शब्द पुन्हा म्हणून दिलेला जोर ही सारी मौखिक कथनाची लक्षणे होत. कथा पुढे सरकते ती वर्णनाच्या रेट्याने नव्हे, तर कोणीतरी कोणाशी काही बोलते म्हणून. प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या स्त्रीने कथा संवादातून बांधावी, हे स्वाभाविक वाटते. विनोदही आहे. देवाच्या लग्नात मानवी रुसवेफुगवे आणणे हे मराठी बायकांच्या गाण्यांचे जुने वैशिष्ट्य असून त्याचा लिखित रूपातील अगदी आरंभीचा पुरावा धवळ्यांत मिळतो.

भक्ती आणि शृंगार यांचा समतोल ही धवळ्यांतील आणखी एक लक्षणीय बाब. महानुभाव हा संन्यासप्रधान पंथ. याच पंथातील भास्करभट्ट बोरीकर याचे शिशुपालवध हे काव्य शृंगाराकडे झुकल्याने निवृत्तांच्या कामाचे नाही, असा अभिप्राय त्याच्या गुरुबंधूने दिला आणि त्यामुळे कवीने पुढे उद्धवगीता रचली, अशी कथा प्रसिद्ध आहे. महदंबेच्या धवळ्यांवर असा आक्षेप आलेला दिसत नाही. विषय तर तोच, श्रीकृष्ण व रुक्मिणी यांचा. फरक दृष्टीचा आहे. भास्करभट्टाचा शृंगार नागर व संस्कृत काव्याच्या वळणाचा. महदंबेचा प्रेमभाव लग्नाच्या गाण्यातला, साऱ्या आळीने ऐकावा असा.

नरेंद्र कवीचे रुक्मिणीस्वयंवर धवळ्यांनंतर थोड्याच वर्षांनी, १२९२ च्या सुमारास रचले गेले. ते काव्य रामदेवराय यादवाला इतके आवडले, की त्याने ते आपल्या नावावर करून मागितले आणि कवीने नकार दिला, असे सांगतात. नरेंद्राचे काव्य अलंकारांनी समृद्ध, वर्णनांनी भरलेले, विदग्ध रसिकांसाठी लिहिलेले आहे. काव्यगुणांच्या रूढ मापाने ते धवळ्यांहून सरस ठरेल, हे मान्य करावयास हवे. परंतु दोन्ही कृती एका मापाने मोजणे हीच चूक आहे. नरेंद्राची ओवी ग्रंथासाठी आहे, महदंबेची प्रसंगासाठी. पुढे एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर (१५७१) मराठी घरांत लोकप्रिय झाले. सतराव्या शतकातील विठ्ठल बीडकर यानेही हा विषय हाताळला. मराठीतील रुक्मिणीस्वयंवरांच्या या मोठ्या मालिकेच्या मुळाशी महदंबेचे धवळे उभे आहेत, जरी पंथाबाहेरील पुढच्या कवींना त्यांची माहिती असण्याचा संभव नव्हता.

मातृकी रुक्मिणीस्वयंवर ही रचना त्याच कथेवर, पण निराळ्या घाटाची आहे. ‘मातृका’ म्हणजे वर्णमाला. वर्णानुक्रमाने एकेका अक्षरापासून पद्याचा आरंभ करावयाचा, असा हा प्रकार. पाठांतरास सोपा, म्हणून धार्मिक रचनांत तो पुष्कळ आढळतो. धवळ्यांचे मोकळे वाहणे येथे नाही. अक्षराच्या सक्तीमुळे काही ठिकाणी शब्द ओढून आणलेले दिसतात. तरीही या रचनेवरून एक गोष्ट कळते. महदंबेला अक्षरांची ओळख होती आणि केवळ गळ्यावर विसंबणारी ती गायिका नव्हती. गर्भकांड ओव्या या थोड्या असून त्यांचे महत्त्व मुख्यतः पंथीय आहे.

महदंबेचे चौथे कार्य तिच्या नावावर लागलेले नाही. चक्रधरांच्या आठवणी संकलित करण्याचे काम म्हाइंभटाने रिद्धपूर येथे १२७८ च्या सुमारास हाती घेतले. चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या स्त्रीपुरुषांना भेटून, विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून त्याने लीळाचरित्र सिद्ध केले. सांगणाऱ्यांत जो फरक आढळला, तो त्याने आणि पुढील संपादकांनी लपविला नाही. मराठीतील या पहिल्या चरित्रग्रंथाची सामग्री मोठ्या प्रमाणात स्त्रियांच्या आठवणींतून आलेली आहे आणि महदंबा ही त्यांतील प्रमुख साक्षीदार आहे. प्रश्न तिचा, उत्तर ऐकणारी ती आणि ते ध्यानात ठेवणारीही तीच. यादवांच्या पाडावाच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हाही ग्रंथ सावरला तो पाठांतराने. हिराइसा या स्त्रीच्या स्मरणावर आधारलेला एक पाठ पंथात प्रसिद्ध आहे. लेखक म्हणून म्हाइंभटाचे नाव घेणे यथार्थ असले, तरी या गद्यातील बोलण्याची जी लकब मराठी वाचकाला मोहविते, ती सांगणाऱ्यांकडून आलेली आहे.

नागदेवाचार्यांच्या आचार्यत्वाच्या काळात महदंबा वडीलकीच्या नात्याने पंथात वावरली. स्मृतिस्थळ या ग्रंथात तिच्या अनेक आठवणी आहेत. नागदेवांशी ती मोकळेपणाने चर्चा करी, शंका काढी, प्रसंगी विरोधही करी. केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथ करण्याचा विचार काढला, त्या वेळी आपल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानास मुकतील, या कारणासाठी नागदेवांनी त्यांना परावृत्त केल्याची नोंद त्याच ग्रंथात आहे. मराठीच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. पण तो बहुधा नागदेवांच्या भाषानिष्ठेचा पुरावा म्हणून. या म्हाताऱ्या म्हणजे काही अजाण श्रोत्या नव्हेत. त्यांत महदंबेसारख्या स्त्रिया होत्या, ज्यांच्या प्रश्नांतून पंथाचे निरूपण घडले होते. त्यांना वगळून ग्रंथ लिहिणे म्हणजे ज्यांनी पीक काढले त्यांनाच खळ्यातून उठविण्यासारखे झाले असते. महदंबेचे निधन नागदेवांच्या आधी झाले. तिच्या मृत्यूने त्यांना झालेला शोक स्मृतिस्थळात नोंदलेला असून पंथाची एक राखणदार गेली, असा त्यामागील भाव आहे.

पुढील काळात तिच्या रचनेची स्थिती काहीशी विलक्षण झाली. महानुभावांनी चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सकळा, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. त्यामुळे ते जसे सुरक्षित राहिले तसेच जगापासून तुटले. पंथाच्या आत धवळे आदराने म्हटले जात. परंतु पंथातील श्रेष्ठ काव्ये म्हणून ज्या ‘साती ग्रंथां’ची गणना रूढ झाली (रुक्मिणीस्वयंवर, शिशुपालवध, उद्धवगीता, वच्छाहरण, सह्याद्रिवर्णन, रिद्धपूरवर्णन आणि ज्ञानप्रबोध), त्यांत धवळ्यांचा समावेश नाही. सातही ग्रंथ पुरुषांचे आहेत. गणनेचा निकष पांडित्याचा होता, असे म्हणता येईल. तथापि ज्या पंथाने स्त्रीचा प्रश्न प्रमाणग्रंथात जपला, त्याच पंथाने तिचे गाणे काव्याच्या पंक्तीबाहेर ठेवले, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळा लिपीचा उलगडा केला. पुढे वि. ल. भावे यांच्या महाराष्ट्र सारस्वताने महानुभाव वाङ्‌मयाचा परिचय सर्वसामान्य वाचकांस करून दिला. य. खु. देशपांडे, वा. ना. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते या विदर्भातील संशोधकांनी पोथ्या मिळवून पाठ सिद्ध करण्याचे काम केले. वा. ना. देशपांडे यांनी महदंबेची रचना आद्य मराठी कवयित्री या नावाने संपादून प्रसिद्ध केली व तेव्हापासून हे बिरुद तिच्या नावास चिकटले. मुक्ताबाई (१२७९–९७) व जनाबाई यांच्या अभंगांपूर्वी धवळे गाइले गेले होते, म्हणून ते योग्य आहे. मात्र ‘आद्य’ या शब्दाने एक घोटाळाही होतो. आधी काही नव्हते आणि महदंबेपासून सुरू झाले, असा समज त्यामुळे पसरतो. जात्यावरच्या, मांडवातल्या, पाळण्याच्या गाण्यांची परंपरा तिच्यामागे होती. त्या गाणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. महदंबेचे लिहिले गेले, कारण ऐकणाऱ्यांत म्हाइंभटासारखा लिहिणारा होता.

धवळ्यांच्या उपलब्ध पोथ्या मूळ रचनेनंतर बऱ्याच काळाने केलेल्या नकला आहेत. त्यांत धवळ्यांचा क्रम, संख्या व शब्दरूपे यांबाबत फरक आढळतो. काही रूपे नकलकारांनी आपल्या काळास अनुसरून बदललेली आहेत. पूर्वार्ध व उत्तरार्ध यांच्या भाषेची बारकाईने तुलना, तसेच गोदाकाठच्या खेड्यांतून अद्यापही म्हटल्या जाणाऱ्या लग्नगीतांशी धवळ्यांचे नाते तपासणे, ही कामे विशेष फलदायी ठरतील. ज्या रिद्धपुरात हे धवळे प्रथम गाइले गेले, तेथे आता राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ आहे.